बिसेन सर दात बघतात

आमच्या शेजारचे बिसेन सर माणसाचा चेहरा बघत नाहीत, दात बघतात. नवा भाडेकरू असो, सिलिंडर घेऊन आलेला माणूस असो, की कुणाची मुलगी बघायला आलेले पाहुणे असोत, सर समोर उभे राहतात आणि तो माणूस हसायची वाट बघतात. तो हसला नाही तर विनोद सांगतात. विनोद कधीच चांगला नसतो. पण समोरचा संकोचाने हसतो, आणि तेवढ्यात सरांचं काम होऊन जातं.

आम्ही या घरात राहायला आलो त्या दिवशी त्यांनी बाबांना हसवलं आणि म्हणाले, "बेचाळीस." बाबा तेव्हा सत्तेचाळीसचे होते. ते दिवसभर खुशीत होते. आईने आधार कार्ड काढून दाखवलं, तर सर म्हणाले, "कागद मानूस लिवते, वहिनी. दात देव लिवते."

सरांची आमगावकडे धानाची शेती आहे. लहानपणी ते वडिलांबरोबर बैलबाजारात जायचे. विकणारा शिंगं घासतो, तेल लावतो, बैलाचं वय दोन वर्षांनी खाली सांगतो. घेणारा काही बोलत नाही, फक्त बैलाचा ओठ वर करून दात बघतो. पुढे सर तिकडच्याच एका गावात दहावीपर्यंतच्या शाळेत मास्तर झाले, खेळ शिकवायला लागले, निवृत्त होऊन गोंदियात आले. पण ओठ वर करून बघायची ती सवय गेली नाही.

माझ्यावर त्यांचा विशेष संशय. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी, आणि दातांना तारा असल्यामुळे बरीच वर्षं तोंड मिटून हसणारी. "ही पोरगी काहीतरी लपवून राहिली," असं ते माझ्यासमोरच आईला म्हणायचे. मी आणखी गप्प व्हायचे. त्यांचा संशय आणखी वाढायचा.

गेल्या हिवाळ्यात गोंदियाला सतरा वर्षांखालील मुलींची राष्ट्रीय शालेय बास्केटबॉल स्पर्धा आली. देशभरातून संघ येणार, त्यांचे कागद तपासायला इंग्रजी येणारं कुणीतरी हवं, म्हणून मला क्रीडा संकुलात दाराजवळच्या टेबलावर बसवलं. माझ्या शेजारची खुर्ची सरांनी स्वतःच आणून ठेवली होती. त्यांच्या गळ्यात 'स्वयंसेवक' असं कार्ड होतं आणि पायाशी उसाचा भारा.

बसमधून उतरलेल्या प्रत्येक मुलीच्या हातात सर उसाची एक कांडी देत. "वेलकम टू गोंदिया! खाओ बेटा, खाओ." केरळहून आलेल्या एका मॅनेजरबाईंचे डोळे भरून आले. त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, असं स्वागत आमचं कुठेच झालं नाही. मी मान हलवली. खरं काय ते मला माहीत होतं. ऊस फोडायला मागचेच दात लागतात आणि जबडा कानापर्यंत उघडतो. सर अक्कलदाढा शोधत होते, सतराच्या आत त्या सहसा येत नाहीत.

"तीन नंबर, साफ," ते माझ्या कानाशी पुटपुटत. "सात नंबर, साफ. नऊ नंबरवर नजर ठेव. डाव्या अंगाने चावते, उजवीकडे काहीतरी आहे." नऊ नंबरच्या मुलीची उजवी दाढ किडली होती. सरांनी तिला डॉक्टरचा पत्ता दिला, आणि तिचा जन्माचा दाखला मात्र मला पुन्हा एकदा उजेडात धरायला लावला.

एका संघाच्या मॅनेजरने ऊस घेऊ दिला नाही. कोणतं राज्य ते सांगत नाही, उगाच भांडण नको. "हमारी बच्चियाँ मीठा नहीं खातीं," तो म्हणाला. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू चोर मुद्देमालासकट सापडला.

"चोराच्या मनात चांदनं!"

"सर, खेळाडूंचं खाणं ठरलेलं असतं," मी म्हणाले.

"तू त्यायच्याकडून काऊन बोलून राहिली व?"

दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्यावरही संशयाचा थोडा परिणाम झाला होता. मीही लोकांच्या तोंडाकडे बघायला लागले. आणि बघता बघता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सगळ्या देशाचे दात बघणारे सर एका मुलीच्या तोंडाकडे अजिबात बघत नव्हते, आणि ती आपल्याच संघातली होती.

रोशनी. महाराष्ट्राच्या संघात आमच्या जिल्ह्यातली ती एकटीच. सरांच्याच शाळेतली. उंच, लांब हातांची, उडी मारली की क्षणभर तिथेच थांबणारी. ती टेबलाकडे आली की सर उसाचा भारा आवरायला लागत, नाहीतर कार्डाची दोरी सोडवत बसत. कांडी तिलाही मिळायची, पण सर ती दुसरीकडे बघत द्यायचे. प्रेक्षकांत तिची आई फुलवंता यायची, डबा घेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसायची. ती दिसली की सरांना एकदम पाणी प्यायला जायचं असायचं.

मी घरी काही बोलले नाही. पण मनात हिशेब पक्का झाला. रोशनीचं वय जास्त आहे, आणि सरांना ते ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो ऊस न खाणारा मॅनेजर कागद घेऊन आला. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा आणि आपला उपांत्य सामना होता. रोशनीच्या जन्माची नोंद वेळेवर झाली नव्हती, दाखला उशिरा काढलेला होता. "यह लड़की सत्रह के नीचे की हो ही नहीं सकती," त्याने लेखी हरकत घेतली. पंचसमितीने सांगितलं, तिच्या पहिल्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणा, मुलं शाळेत येतात तेव्हाची मूळ नोंद. उद्या सकाळी नऊपर्यंत. नाहीतर ती बाहेर, आणि तिच्या नावावर कायमचा शेरा.

रोशनी भिंतीला टेकून चेंडू नुसता हातात फिरवत होती. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मला वाटलं, पकडले गेले.

"चाल," ते मला म्हणाले. "गावाला जाऊ. रजिस्टर आनू."

"मी कशाला?"

"साक्षीदार पायजे. माह्या हातात कागद असला का माहा माह्यावरच भरोसा नाही."

स्कूटरवर मागे बसून मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. हे तिथे जाऊन काही खाडाखोड करणार असतील, तर मी काय करायचं? मला ओरडता येईल का? मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते.

शाळेच्या अंगणात मोहाच्या झाडाला एक लोखंडी कडं ठोकलेलं होतं, जाळीशिवाय. तोच सरांचा बास्केट. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी कपाटातून दोन रजिस्टरं काढून टेबलावर ठेवली. सरांच्या आधी मी हात घातला आणि जवळचं उघडलं. ते जुनं निघालं. पान पिवळं, अक्षर सरांचं. आणि त्या पानावरच्या झाडून सगळ्या मुलांची जन्मतारीख एकच होती, एक जुलै.

"सर, हे काय?"

"त्या वेळी तसंच होतं," सर म्हणाले. "मायबापायले तारीख माहीत नसे. आमी लिवून टाकत होतो. आमच्या गावात अर्धी शाळा एकाच दिवशी जन्मली."

बोलता बोलता त्यांनी पानावर पंजा ठेवला. पण बोटांच्या फटीतून नाव दिसत होतं. फुलवंता.

बाई दुसऱ्या खोलीत पाणी आणायला गेल्या होत्या. सरांनी हात उचलला नाही.

"पाच वर्षांची होती. मोठ्या बहिनीच्या मागे रोज यायची, दारात बसून रडायची. सहा पूर्ण झाल्याबिगर नाव घालता येत नव्हतं. मी एक वर्ष वाढवून देलं. त्यात काय जाते, म्हनलं." त्यांनी बोटं मिटून फट बुजवली. "तिच्यासारखी खेळनारी मी पुन्हा पाह्यली नाही. सोळाची असताना राज्याच्या टीममध्ये निवडली. ट्रंक घेऊन टेशनवर आलो आमी. तिथं साहेबांनं कागद पाह्यला. एक वर्षानं जास्त. मी म्हनलं, साहेब, हे खोटं आहे. तो म्हने, सही कोनाची आहे?"

मग त्यांनी दुसरं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. त्यात एकही एक जुलै नव्हता. रोशनीच्या नावापुढे तारीख होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की अंगणवाडी सेविकेची वही समक्ष पाहून, सुईणीला विचारून, आईच्या रूबरू नोंद केली. खाली चार सह्या आणि एक अंगठा. वय सोळा वर्षं चार महिने.

"मग तुम्ही तिचे दात का नाही बघत?" मी विचारलं. सरांना मी आपणहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा.

"पोरीच्या तोंडाकडे पाह्यलं का मायच दिसते," सर म्हणाले.

मुख्याध्यापिकाबाई रजिस्टर पिशवीत घालून आपल्या गाडीवर आमच्या मागून आल्या. सर दर दोन किलोमीटरला वळून बघत होते, त्या येत आहेत की पळून गेल्या.

सकाळी नऊच्या आत हरकत फेटाळली गेली. मॅनेजर आपले कागद आवरायला लागला. तेवढ्यात सरांनी त्याला एक विनोद सांगितला, आणि त्याचे सोन्याचे दोन दात बघून ते समाधानाने परतले.

सामना आपण चार गुणांनी हरलो, हेही सांगायला हवं. पण ती नंतरची गोष्ट. सामना सुरू व्हायच्या आधी रोशनी मैदानात उतरली, तेव्हा सरांनी भाऱ्यातली शेवटची कांडी उचलली आणि पायऱ्या चढून थेट वर गेले. मी रजिस्टरची पोच घेऊन त्यांच्या मागे होते.

फुलवंताने कांडी घेतली. "आज इकडे कसे आले, सर? इतक्या पोरींचे दात पाह्यले म्हने. माहेच राहून गेले."

सर कार्डाची दोरी सोडवायला लागले.

तिने मागच्या दातांनी ऊस फोडला, मुद्दाम, जबडा पूर्ण उघडून. "घ्या, पाहून घ्या. आता सांगा बरं, किती वर्षांची आहो मी?"

चारही अक्कलदाढा मलासुद्धा दिसत होत्या. पण सर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"सोळा," ते म्हणाले.