रामटेके भाऊंचा काळा चष्मा

आमचे शेजारी रामटेके भाऊ घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसतात. डोळे आले असतील म्हणावं, तर आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून ते आलेलेच आहेत. एका लग्नात या चष्म्यापायी त्यांनी नवरदेवाऐवजी त्याच्या बापाला हळद लावली. बापही बिचारा लाजत बसून राहिला.

भाऊ चंद्रपुरात एमआरआय काढतात. मशीन चुंबकाचं, म्हणून चष्म्याच्या काड्याही प्लास्टिकच्या. मशीनमध्ये जाणाऱ्याला त्यांची दोनच वाक्यं ठरलेली, "हालू नोका" आणि "आवाज येईन, घाबरू नोका." लग्नात फोटोग्राफरच्या आधी भाऊच नवरा-नवरीला सांगतात, "हालू नोका." एकदा मोहर्लीच्या जंगलात वाघ पाहायला आम्ही जिप्सीत होतो. बांबूतून वाघ निघाला, सगळ्यांनी श्वास रोखला आणि भाऊ खणखणीत म्हणाले, "आवाज येईन, घाबरू नोका." वाघ घाबरला. त्यानंतर आम्ही फक्त चितळं पाहिली.

रिपोर्टबद्दल मात्र तोंडाला कुलूप. कोणी कितीही विनवलं तरी "डॉक्टर सांगतीन." मी चिडवायचो, भाऊंना जेवलात का विचारलं तरी तेच म्हणतील.

मागच्या वर्षी सुमनला, माझ्या बायकोला, फिट आली आणि माझं चिडवणं बंद पडलं. मेंदूत गाठ निघाली. कॅन्सरची की टीबीची, ते चित्रावरून कळेना. डोकं उघडून तुकडा काढण्याआधी स्पेक्ट्रोस्कोपी करून पाहू, असं डॉक्टर म्हणाले. मला तो शब्द उच्चारताही येईना.

भाऊंनी समजावलं. "मशीन तेच हाय. गाठीवर चौकोन ठेवाचा. आत कोणतं रसायन किती, त्याचे डोंगर उमटतेत. शेजारी काय शिजून राह्यलं ते वासावरून समजते नं, तसं. झाकण नाई काढाचं."

सुमनची जोडवी साबण लावून काढली. ती मुठीत धरून मी बाहेर बसलो. तपासणी संपली, भाऊ आले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर काळ्या काचेत माझंच घाबरलेलं तोंड दिसलं.

"डॉक्टर सांगतीन. पाणी प्या."

माझा तोल सुटला. "भाऊ, इतक्या वर्षांचा शेजार आपला. निदान तो चष्मा तरी काढा."

ते मला चहाच्या टपरीवर घेऊन गेले. चहा फुंकत बसले.

"माह्या बायकोचा मशीनमधला फोटो मीच काढला होता," ते म्हणाले. "बाहीर आली, माह्या तोंडाकडे पायलं अन् चप्पल घालता घालता म्हणे, 'समजलं मले.' डॉक्टरच्या आधी माह्या तोंडानंच सांगतलं तिले. तवापासून लावतो."

चहा निवला. मला अतिशय लाज वाटली.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सरमध्ये जे रसायन वाढतं ते इथे फारसं वाढलेलं नाही, चरबीचा डोंगर मात्र मोठा आहे. बाकीच्या तपासण्याही टीबीकडेच बोट दाखवताहेत. तूर्त डोकं उघडायचं नाही, औषध सुरू करायचं. पण गाठ विरघळली तरच खरं.

सुमनने गोळ्या घेतल्या, मला शिव्या घालत घेतल्या, पण एक चुकवली नाही. टपरीवरची गोष्ट मी तिला सांगितली नाही. ती सांगायची माझी नव्हती.

काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला. आतून सुमन आली, मागोमाग भाऊ. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. हळूच चष्मा काढला.

त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक, पाण्यानं भरलेले आणि चक्क हसरे.

सुमनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग चपलेत पाय सरकवत म्हणाली, "समजलं मले, भाऊ."

मी भाऊंना खुर्ची ओढून दिली.