कॅरेटात गेलेला भूतकाळ

कच्... कच्... कच्...

दुपारचे अडीच. श्रेया झोपलेली, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झालेल्या, नवरा, भरत, कंपनीत. त्या शांततेत मी लग्नपत्रिका कापत होते आणि कात्रीचा आवाज मला पिठाच्या गिरणीएवढा वाटत होता. एक डोळा पत्रिकेवर, एक लेकीच्या पापणीवर. पापणी हलली की कात्री थांबायची. लेकीनं कूस बदलून अंगठा तोंडात घातला की पुन्हा कच्!

पत्रिका अशासाठी की आमच्याकडे लग्नसराईत त्यांचा डोंगर साठतो. जाड, गुळगुळीत आणि मागून कोऱ्या. फुकटचं शैक्षणिक साहित्य!

कारण शुक्रवारी अकरा वाजता जुन्नरच्या एका इंग्लिश शाळेत माझा डेमो होता. नोकरी द्यायच्या आधी नमुन्याचा एक तास घ्यायला लावतात, तो. बाळंतपणानंतर चार वर्षांनी आलेली पहिली संधी. विषय दिला होता, रोजच्या इंग्रजीत घडून गेलेल्या दोन गोष्टी जोडायच्या कशा. आणि मी आधीच सांगून ठेवते, यात मला हरवणारी बाई अख्ख्या तालुक्यात नाही! एम.ए. इंग्लिश, बी.एड.!

पुस्तकात काय असतं? डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता. पन्नास वर्षं झाली, तो रोगी मरतोय आणि डॉक्टर उशिरा येतोय! घरात असं कोण बोलतं? घरात दूध उतू जातं, कारण आपण फोनवर असतो. लाइट जाते, तेव्हाच बाळ झोपतं. दोन घडलेल्या गोष्टी आणि मध्ये एक टाका: बिकॉज, सो, बट, व्हेन. टाका बदला, गोष्टीचा चेहरा बदलतो. ‘ते ओरडले म्हणून मी रडले’ आणि ‘ते ओरडले पण मी रडले नाही’, या दोन बायका वेगळ्या आहेत की नाही, तुम्हीच सांगा!

तर अशी घरगुती दहा वाक्यं. प्रत्येकाचे तीन तुकडे: एक घटना, एक जोडशब्द, दुसरी घटना. तीस कार्डं. चार दुपारी चोरल्या तेव्हा झाली. मार्करची शाई वाळावी म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी ती पडवीत, टोमॅटो भरायच्या रिकाम्या प्लॅस्टिक कॅरेटांच्या थप्पीवर मांडून ठेवली.

तेवढ्यात सासरे, हौशीराम आबा, रानातून आले. “सूनबाई, उंद्या तीस कॅरेट टोमॅटो हायेत. चिठ्ठ्या लिवून ठिव.”

मार्केटात माल एकमेकांत मिसळू नये म्हणून आमच्याकडे प्रत्येक कॅरेटात शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाकतात. अक्षर चांगलं म्हणून लग्न झाल्यापासून हे खातं माझ्याकडे आहे. मी “हो आबा” म्हणाले, श्रेयानं दुधाचा पेला उपडा केला आणि चिठ्ठ्या डोक्यातून साफ गेल्या!

शुक्रवारी सकाळी आठला मी इस्त्रीची साडी नेसून पडवीत आले. थप्पी नाही. कार्डं नाहीत.

“आई, माझी कार्डं?”

“कुठली? त्या चिठ्ठ्या व्हय?” सासूबाई शेंगा निवडत म्हणाल्या. “ह्यांनी घातल्या की कॅरेटात. लई खूश व्हते. म्हनले, सूनबाईनं औंदा इंग्लिशमधी लिवल्या. बराबर तीस!”

मला काय झालं सांगू? कुकरची शिट्टी उडून छताला चिकटते ना, तसं!

भरत दिवसपाळीला जोडून रात्रपाळीही करून नुकता आडवा झाला होता. मी त्याचं पांघरूण ओढलं. “गाडी काढा!”

“अगं, पण मी काय केलं?”

“काही नाही केलंत! तेच तर!”

सासूबाईंना बचत गटाच्या मीटिंगला जायचं होतं. मग श्रेयाला मोटारसायकलच्या टाकीवर बसवलं, मी मागे. जुन्नर एकीकडे, नारायणगावचं मार्केट बरोबर उलट्या दिशेला. पण आठच तर वाजले होते! कार्डं गोळा करायची, गाडी वळवायची, साडेदहाला शाळेत. सगळा हिशेब चोख होता. रस्त्यात मी भरतला एकूण सात गोष्टी ऐकवल्या. हेल्मेटमुळे त्याला तीनच ऐकू गेल्या, असं तो नंतर शपथेवर सांगत होता.

मार्केटात पोचलो तर आजूबाजूचा माल उचललेला आणि आबा आपल्या तीस कॅरेटांमध्ये एकटे बसलेले. भोवती ही गर्दी! एकानं कार्ड उलटं धरलं होतं. मागच्या बाजूला अर्धा गणपती आणि ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ एवढंच उरलेलं.

“हौशीरामभाऊ, कुनाचं लगीन काढलं? आनि निवतं टोमॅटोतनं व्हय!”

व्यापाऱ्याकडचा सूरज नावाचा तरुण हातात दुसरं कार्ड घेऊन उभा होता. त्याला इंग्रजी वाचता येत होतं. हीच तर पंचाईत!

“बाबा, मी कसा उचलू माल? तुमीच लिहून आणलंय. ‘इट वॉज रॉटन इनसाइड.’ म्हणजे आतून सडका व्हता!”

“माझी सूनबाई एम.ए. हाय!” आबा छाती काढून म्हणाले. “ती खोटं लिवायची न्हाई! तिनं लिवलंय म्हंजी खरंच आसनार!”

देवा! माणूस माझी बाजू घेत होता आणि स्वतःचा माल बुडवत होता!

“आबा!” मी गर्दीत घुसले. कडेवर श्रेया, खांद्यापासून निऱ्यांपर्यंत धूळ. “ते अर्धंच वाक्य आहे! दुसरा अर्धा दुसऱ्या कॅरेटात आहे!”

“मग दावा की,” सूरज म्हणाला.

दाखवते! राग असा चढला होता की मी दोन हमालांना कामाला लावलं. “ते सात नंबरचं कॅरेट इकडं आणा! नाही, ते नको, त्यात ‘दूध उतू गेलं’ आहे! मधे ‘बट’ लिहिलेलं ठेवा! ‘बट’ म्हणजे ‘पण’! शोधा!”

तीन कॅरेटं ओळीत लागली. मी शिक्षिकेसारखी बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. “द टोमॅटो लुक्ड रेड... बट... इट वॉज...”

आणि माझं बोट तिथंच थांबलं. पुस्तकात सफरचंद असतं. आमच्याकडच्या पोरांना जवळचं वाटावं म्हणून मी हौसेनं टोमॅटो घातला होता!

सूरजनं शांतपणे मराठीत पुरं केलं. “टोमॅटो लाल दिसत व्हता, पण आतून सडका व्हता. ताई, आता तर पक्कंच झालं!”

गर्दी खिदळली. शेजारच्या म्हाताऱ्यानं आणखी एक कार्ड सूरजपुढे धरलं. “ह्यात काय हाय, राव?”

“‘आजोबांना भूक लागली’... थांबा, पुढचं त्या कॅरेटात... ‘सो’... ‘ही शाउटेड.’ म्हणून ते वरडले.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “कवा वरडलो मी?” ते ओरडले.

भरतनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. तेवढंच निमित्त पुरलं मला!

“हसा!” मी त्याच्यावर, सूरजवर, सगळ्या मार्केटवर फुटले. “चार दुपारी! चार दुपारी पोरगी झोपल्यावर श्वास धरून कापलीत ही! कुणी विचारलं का, स्नेहल, हे काय आहे, घेऊ का? आणि माल सडका? हा घ्या!” मी त्याच कॅरेटातला टोमॅटो उचलला आणि कचकन चावला. रस हनुवटीवरून थेट इस्त्रीच्या साडीवर. दुसरा सूरजच्या हातात कोंबला. “खा! खा म्हणते ना!”

त्यानं भीतीनं खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. श्रेयानं तिसरा मागितला.

माल गेला. सगळ्यांच्या शेवटी गेला, पण गेला. आबा कामाला लागले. वाकून प्रत्येक कॅरेटातलं कार्ड काढत राहिले, धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. सव्वीस मिळाली. चार आधीच कुणाच्या तरी मालाबरोबर निघून गेली होती. आता कुठल्या तरी लांबच्या गावात कुणीतरी कॅरेट उघडेल आणि ‘बिकॉज’ वाचून विचारात पडेल.

शाळेत पोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं. मुख्याध्यापिका मॅडमनी माझ्या साडीवरचा लाल डाग पाहिला, कडेवरची लाल तोंडाची मुलगी पाहिली आणि इंग्रजीत गोड विचारलं, उशीर का झाला?

मैत्रिणींनो, असा प्रश्न नशिबानं मिळतो! घडून गेलेल्या गोष्टी नुसत्या रांगेत उभ्या होत्या. बिकॉज हवं तितकं, सो हवं तितकं! आणि माझ्या तोंडून काय निघालं?

“टोमॅटो वेन्ट. फादर-इन-लॉ वेन्ट. आय वेन्ट.”

मॅडम थांबल्या. “अँड?”

“अँड... सॉरी.”

तासाचे विद्यार्थी जेवायला गेले होते. मॅडम तशा भल्या. सोमवारी अकराला या म्हणाल्या, नवं साहित्य घेऊन, शेवटची संधी. माझी चूक नव्हती, हे त्यांना सांगावंसं फार वाटलं. पण त्यासाठीही जोडशब्द लागले असते.

शनिवारी दुपारी पुन्हा कात्री. या वेळी मी आवाजाची पर्वा केली नाही. संध्याकाळी तीस नवी कार्डं रबर लावून हातात घेतली आणि सगळ्यांना पडवीत उभं केलं.

“नीट ऐका! हे माझं आहे. मी ठेवीन तिथंच सोमवारपर्यंत राहिलं पाहिजे. कुणीही हात लावायचा नाही!”

“न्हाई लावनार,” आबा पुटपुटले. शुक्रवारपासून ते माझ्याशी हळू आवाजातच बोलत होते, आणि त्यानं मला आणखीच राग येत होता, कुणावर ते कळत नव्हतं. “तू नुस्तं सांग कुठं ठिवतीस. मी तिकडं बघत बी न्हाई.”

मी आत आले. कपाटाच्या वरच्या कप्प्यात भरतचे कंपनीचे कपडे. खालच्यात सासूबाईंची लुगडी. पेटीत जमिनीची कागदं, किल्ली आबांच्या करगोट्याला. फळीवर देव. खिडकीत श्रेयाची भातुकली. मी कार्डं छातीशी धरून खोलीत एकदा फिरले. मग दुसऱ्यांदा फिरले.

श्रेया माझा पदर धरून मागेमागे फिरत होती. शेवटी दमून तिनं मान वर केली.

“आई, तुझं कुठं असतं?”