कपाटाखालच्या मांजराची मुलाखत

लाजणे हा पूर्वी गुण होता. देश खुला झाल्यावर तो रोग ठरला, आणि हे गौलीगुड्याच्या आमच्या मांजर-निवाऱ्याने इतरांच्या आधी ओळखले.

१९९५ साली निवाऱ्याने निवडपद्धत लागू केली. घेणाऱ्याने खुर्चीवर बसावे. मांजराने पाच मिनिटांत आपण होऊन मांडीवर यावे. येईल ते स्मार्ट. न येईल त्याला पर्सनॅलिटी नाही. त्या वर्षीच्या चाळीस मांजरांपैकी सदतीस घरी गेली, दोन भिंतीवरून पळाली (नोंद: स्वयंरोजगार) आणि एक कपाटाखाली राहिले. त्याच्यासाठी दिलसुखनगरहून इंग्लिश स्पीकिंगचे सर बोलावून आठ दिवस आत्मविश्वासाचे वर्ग घेतले. मांजर आणखी आत सरकले (अहवाल: 'हालचाल समाधानकारक').

तीनदा नापास झालेले मांजर मंडीतल्या गोदामात सोडायचे (औद्योगिक पुनर्वसन), असा नियम. याची तिसरी खेप होती.

खुर्चीवर नल्लकुंट्याच्या इंदुताई होत्या. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. "मला हेच हवं," त्या म्हणाल्या, "बडबड करणारे पुष्कळ येतात घरी."

चार मिनिटे झाली. इंदुताई खुर्ची सोडून सरळ फरशीवर आडव्या झाल्या आणि कपाटाकडे तोंड करून अभंग गुणगुणू लागल्या. मांजर आले. त्यांच्या मानेशी अंग मुडपून बसले.

"सायेब, आलं की हो!" झाडू टाकून मालनबाई ओरडली.

सेक्रेटरी प्रतापरावांनी घड्याळ पाहिले. "आलं, हौ. पण सहा मिनिटांनी. आणि मांडीवर कुठंय? परेशान होऊ नका ताई, दुसरं दाखवतो, एकदम फॉरवर्ड."

"नको. बरं," म्हणून इंदुताई पदर झटकून उठल्या आणि निघून गेल्या. भांडल्या असत्या, तर नियम शिथिल करण्याची तरतूद होती. (ती फक्त मागणाऱ्यालाच सांगायची असते.)

मांजर न्यायला मागे रांगेत आम्ही अकरा जण होतो. तरतूद सगळ्यांना ठाऊक होती. आदल्याच संध्याकाळी भूतदयेवरचे कीर्तन ऐकून आम्ही सगळे ढसढसा रडलो होतो, आणि बुवांचे पाय धरायला ढकलाढकलीही केली होती. पण आमचे नंबर यायचे होते. प्रतापरावांना दुखवून कसे चालेल? मांजर पोत्यात घालून नेले. ते ओरडलेसुद्धा नाही.

तुम्ही असतात तर बोलला असतात, याबद्दल मला शंका नाही. तुम्ही नेहमीच बोलता. घरी पोचून, चप्पल काढल्यावर.