बिरूतात्या पुन्हा मागावर बसले

बिरूतात्या भेटले की आधी तुमच्या बाहीचं कापड चिमटीत धरायचे. रामराम, तब्येत, पाऊसपाणी हे सगळं नंतर. कापड अंगठ्याखाली चोळायचे आणि निकाल द्यायचे. निकाल बहुतेक वेळा एकच असायचा, "ह्याला अंग न्हाय."

आमच्या कळस गावात सगळ्यांना याची सवय होती. परगावी पंचाईत व्हायची. एकदा वडगाव निंबाळकरच्या एका लग्नात तात्या आहेर करायला गेले, नवरदेवाच्या कोटाची बाही चोळली आणि मुलीच्या बापाकडं वळून म्हणाले, "ह्याला अंग न्हाय." नवरदेव आधीच हडकुळा, त्यात बाप धास्तावलेला. मुलीच्या मामांनी तात्यांना हाताला धरून मांडवाबाहेर नेलं. शेवटी तात्यांच्या बायकोनं, हौसाकाकूंनी, मध्ये पडून सांगितलं, की हे कापडाचं बोलतात, माणसातलं यांना काही कळत नाही. मामांनी सोडलं, पण ते वाक्य तात्यांना इतकं लागलं, की घरी येईपर्यंत ते एसटीत काकूंपासून लांबच्या बाकावर बसले.

त्यांचं घर आमच्या शेजारी, मध्ये फक्त एक भिंत. आमची पिठाची गिरणी मी चालवायची, म्हणून माझा दिवस त्या भिंतीलगत जायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा तात्यांचा घोंगड्यांचा माग बंद पडून बरीच वर्षं झाली होती. पूर्वी घरची मेंढरं होती, काकू लोकर कातायच्या, तात्या विणायचे. मग पाट आला, चराईची रानं उसाखाली गेली, मेंढरं विकावी लागली. बाजारात स्वस्त ब्लँकेटं आली. तात्यांनी मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या, वर ज्वारीची पोती रचली आणि साखर कारखान्याच्या गेटवर राखणदार म्हणून लागले. घरात मागाचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तात्या कारखान्यातून मोकळे झाले आणि त्याच वर्षी काकूंच्या अंगावरून वारं गेलं. बारामतीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, आणि वाचा पार बसलेली. काकू म्हणजे दिवसभर बोलणारी बाई. ती आता खाटेवर पडून आढ्याकडं बघायची. आपण बोललो तरी नजर वळायची नाही.

एके दिवशी सकाळी शेजारून पोती ओढल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर तात्यांनी फळ्या काढल्या होत्या आणि ते खड्ड्यात उतरून वर्षानुवर्षांची माती उपसत होते. विचारलं तर म्हणाले, नुसतं बसून करायचं काय.

त्यानंतर त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं. कोऱ्हाळे बुद्रुकला त्यांची बहीण अजून लोकर कातत होती. तिच्याकडून सुताचं पोतं आणलं. त्या वासानं एसटीतली माणसं उठून पुढं गेली, आणि सगळ्यांनी आपल्याला जागा करून दिली, असं तात्या कौतुकानं सांगत राहिले. सुताला खळ लागते चिंचोक्याची. ते चिंचोके त्यांनी आमच्या गिरणीत आणले. नवरा नको म्हणत होता, मी दळून दिले. दुसऱ्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाची भाकरी तव्याला अशी चिकटली, की त्या बाईनं तवाच आणून माझ्यापुढं ठेवला.

आणि भिंतीपलीकडून मागाचा ठोका ऐकू यायला लागला. आधी अगदी केविलवाणा. धागे तुटायचे, खड्ड्यात पाय सोडून बसल्यानं गुडघे सुजायचे, तात्या स्वतःलाच शिव्या द्यायचे. पण हात हळूहळू परत आला. ठोके एकसारखे पडायला लागले. इतके, की गिरणी बंद असली म्हणजे मी त्या तालावर धान्य पाखडायची.

घोंगडं मात्र चांगलं येईना. मध्येच वीण इतकी विरळ, की बोट आरपार जावं. बारामतीहून त्यांचा मुलगा दत्ता आला, तो म्हणाला की तात्यांची नजर गेली, उगाच हौस करतात. गावातली माणसं हसायची. जगाच्या कापडाला नावं ठेवणारा माणूस स्वतः गाळणं विणतोय म्हणायची. तात्या एरवी असलं ऐकून घेणारे नव्हते. आता ऐकून घ्यायचे आणि पुन्हा मागावर बसायचे.

एका दुपारी मी ताक घेऊन गेले. दारातच थांबले, कारण तात्यांची पाठ माझ्याकडं होती आणि ते विणत होते. भक्कम ठोके पडत गेले. मग त्यांनी धागा ठोकून बसवायची फणी नुसती टेकवली, हलकेच, मुद्दाम. आणि हात थांबवून खाटेकडं बघत राहिले.

काकूंची नजर आढ्यावरून खाली आली. वाकडं तोंड हललं, गळ्याच्या शिरा ताणल्या.

"ढिलं," काकू म्हणाल्या.

"कुठं ढिलं?" तात्या उसळले. "तुझं सूतच तसलं हाय."

सूत तर नणंदेनं कातलेलं. काकूंच्या डोळ्यांत राग आला. मला त्या कितीतरी दिवसांनी काकू दिसल्या.

तात्या ताकाचा तांब्या घ्यायला बाहेर आले. मी पाहिलंय हे त्यांना कळलं होतं. खाली बघत हळू आवाजात म्हणाले, "जलमभर तिनं माझी चूकच काढली, सूनबाई. ठोका कानावर पडला की तिला कळायचं. आता एवढाच शबूद राहिलाय तिच्यात. तो तरी मरू द्यायचा न्हाय."

मी हे कुणाला सांगितलं नाही. पावसाळा गेला, गावाचं हसणं चालू राहिलं, घोंगडं बोटाबोटानं वाढत राहिलं. रोज भिंतीपलीकडून ठोके यायचे, मग थांबायचे. त्या थांबण्यात मीही हातातलं सूप थांबवून कान द्यायची. पुढं पुढं तो शब्द उशिरा यायला लागला. मग तात्यांना दोनदोनदा चुकावं लागायचं.

थंडी सुरू झाली तेव्हा काकू गेल्या.

दिवस झाले, पाहुणे पांगले. दत्ता म्हणत होता, माझ्याबरोबर बारामतीला चला. तात्या गेले नाहीत. एके दिवशी सकाळी मागाचा ठोका पुन्हा सुरू झाला. मी वाट बघत होते, पण तो कुठं थांबला नाही. ते विरळ घोंगडं त्यांनी तसंच पुरं केलं, घडी करून काकूंच्या खाटेवर ठेवलं आणि लगेच दुसरं लावलं.

दुसरं तयार झालं तेव्हा मला बघायला बोलावलं. काळंभोर, दाट, कडेला पांढरी रेघ. मी हात फिरवला. पाणी ओतलं तरी थेंब खाली आला नसता. मी म्हटलं, "तात्या, एक चूक नाही यात."

तात्या खड्ड्याच्या काठावर बसून होते. म्हणाले, "व्हय. आता कुणासाठी चुकायचं?"