अडतिसावी चूक

छापखान्यात ताईंच्या नजरेतून चूक सुटणं म्हणजे मांजराच्या तावडीतून दुधाची वाटी सुटण्याइतकं अवघड! सव्वीस वर्षं मुद्रितं तपासून त्यांची अशी गत झाली होती, की औषधाची चिठ्ठी वाचतानाही हात आधी लाल पेन्सिल शोधायचा. त्यामुळे धाकट्या भावानं, "ताई, जॅझ तुला कळणार नाही, पण एकदा ये," असं म्हटलं तेव्हा त्या फणकारल्याच.

"न कळायला काय झालं? सूर पाठ केला, की तो कुठे चुकतोय ते कळतंच!"

धाकटा सॅक्सोफोन वाजवायचा. ताई त्याला भोंगा म्हणायच्या, वाद्यालाही आणि भावालाही. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यांनीच त्याला वाढवलं होतं. पण गेल्या अकरा वर्षांत त्याच्या एकाही कार्यक्रमाला त्या गेल्या नव्हत्या. कधी पुस्तक छपाईला जायचं असायचं, कधी गुडघा. पुढे पुढे तर कारण सांगायचेही कष्ट घेतले नाहीत, आणि त्यानंही विचारायचं सोडलं.

आता तो दोन साथीदारांबरोबर तीन वर्षांसाठी समुद्रापार निघाला होता. जाण्याआधी शनिवारी संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम होता, त्याचं रेकॉर्डिंगही व्हायचं होतं.

"माझी एकच रचना ऐक," तो म्हणाला. "मग हवं तर उठून जा."

ताईंनी कंबर कसली. अकरा वर्षांची कसर एका संध्याकाळी भरून काढायची! आठ दिवस त्या भिंतीला कान लावून भावाचा सराव ऐकत राहिल्या. रचनेचा मूळ सूर असा घोटला, की भांडी घासताना तोच आणि मुद्रितं तपासतानाही तोच.

"कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतोय हो," समोरच्या टेबलावरच्या सहकारी बाई म्हणाल्या.

"मलाही वाटतंय," ताई म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

शनिवारी त्या पहिल्या रांगेत, वही आणि लाल पेन्सिल घेऊन! धाकट्यानं तो सूर वाजवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक नाही! ताईंनी शेजारच्या गृहस्थांना कोपर मारलं. "भाऊ आहे माझा!"

आणि दुसऱ्याच क्षणी सूर गेला.

गेला म्हणजे गेलाच! सॅक्सोफोन कापलेल्या पतंगासारखा भलतीकडेच निघाला. कपाटाएवढं व्हायोलिन धरलेला साथीदार किल्ली हरवल्यासारखा जिने चढत-उतरत होता. ड्रमवाल्याच्या हातून तर भांड्यांची अख्खी मांडणी कोसळत होती. ताईंची पेन्सिल धावू लागली. एक, सूर सोडला. दोन, परत आला. तीन, पुन्हा सोडला! बाराव्या मिनिटाला सदतीस चुका झाल्या आणि ताईंना घाम फुटला.

"विसरला हो पोरगा! आजच विसरला!"

"बाई, छान चाललंय," शेजारचे गृहस्थ कुजबुजले.

"कुठे चाललंय, तेच तर कळत नाहीये!"

इतक्यात तिघेही थांबले. सभागृहात टाचणी पडली असती तरी दचकायला झालं असतं. धाकट्यानं सॅक्सोफोन खाली घेतला आणि थेट ताईंकडे पाहिलं.

ताईंनी ती नजर ओळखली. हीच नजर! शाळेत कविता म्हणताना तो अडला होता, तेव्हा असंच पाहिलं होतं त्यानं, आणि दारातून त्यांनीच त्याला पुढची ओळ सांगितली होती. त्या ताडकन उठल्या आणि त्यांनी अख्खा सूर खणखणीत आवाजात गाऊन दाखवला!

ड्रमवाल्याची काडी पडली. मागून चारपाच जण "शू!" म्हणाले. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्यानं कपाळावर हात मारला. धाकट्यानं क्षणभर डोळे मिटले, आणि रचना कशीबशी काठाला लावली.

कार्यक्रमानंतर ताई वही पाठीमागे लपवून उभ्या होत्या.

"दे इकडे," तो म्हणाला. त्यानं सगळी यादी शांतपणे वाचली. "ताई, सूर हरवला नव्हता. आम्हा तिघांच्या डोक्यात तो चालूच होता. तोच मनात धरून आम्ही त्याच्या भोवती वाजवत होतो. ऐकणाऱ्यानंही तो मनात म्हणायचा असतो."

"मनात होय?" ताई पुटपुटल्या. "मग ते मध्येच गप्प का झालात?"

त्यानं वहीतून डोळे वर केले. "शाळा सुटली की मी छापखान्यात तुझ्या टेबलाखाली बसायचो. तू मूळ प्रत मोठ्यानं वाचायचीस, तुझ्या समोरच्या टेबलावरच्या बाई मुद्रित ताडून बघायच्या. तुझी ती वाचायची चाल, तोच तो सूर. आणि पान उलटताना तू थांबायचीस ना, बोटाला थुंकी लावून? ती शांतता म्हणजे ते थांबणं. ती तुला ऐकवायची होती."

"रेकॉर्डिंगमधून काढून टाकायला सांग रे ते माझं गाणं," ताई म्हणाल्या. त्यानं यादीचं पान फाडून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

तो गेला. चार महिन्यांनी टपालानं तबकडी आली, सोबत तीच यादी. शेवटी त्याच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: "अडतीस. पहिल्या रांगेतून गाणं, बेसूर." आणि त्या ओळीखाली ओळीनं टिंबं दिली होती. छापखान्यात वाढलेलं पोर ते! खाली टिंबं म्हणजे खोडू नका, आहे तसंच ठेवा.

हल्ली ताई रोज ती तबकडी लावतात. सदतीसच्या सदतीस जागी आता त्या सूर मनात धरून ठेवतात. तो खरंच कुठेही जात नाही. फक्त ती शांतता एकदा ऐकायची राहिली आहे. ती संपून आपलं गाणं सुरू व्हायच्या आत आवाज बंद करायला त्या झडप घालतात. पण रोज अर्धा ठोका उशीर होतो, आणि पहिल्या रांगेतली ती बाई रोज गायला उठतेच!