लगडीची जुळी बहीण

“माझी नक्कल मलासुद्धा ओळखता येऊ नये, तर ती खरी नक्कल!” असं ते येताजाता म्हणत, म्हणून अख्खं संग्रहालय त्यांना हुबेहूबराव म्हणायचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, पण तिथून ते कधी बाहेर पडलं नाही.

संग्रहालय लहानसंच. तीन दालनं, एक कुरकुरणारा जिना आणि मनाला येईल तेव्हा फिरणारा पंखा. मूळ वस्तू काचेआड ठेवायची आणि लोकांना हाताळायला तिची नक्कल बाहेर मांडायची, अशी तिथली रीत. नकला करणारे हुबेहूबराव. मागच्या खोलीत बसून त्यांनी फुटक्या मडक्यांपासून दात पडलेल्या फण्यांपर्यंत काय काय घडवलं होतं! फणीला मुळात जितके दात कमी, तितकेच नकलेलाही कमी. एक जास्त नाही.

पण संग्रहालयाची सगळी ऐट एका चांदीच्या लगडीवर होती. बोटभर लांब, काळीकुट्ट, किडक्या दाढेसारखी. फार पूर्वी बुडालेल्या गलबताबरोबर ती समुद्राच्या तळाशी गेली आणि पाणबुड्यांच्या हाती लागून वर आली. अंगावर शिक्के, आणि कडेला पारख्याने चांदी तपासायला छिन्नीने काढलेला टवका. आता एका मोठ्या संग्रहालयाने ती प्रदर्शनासाठी मागितली होती. ती परत येईपर्यंत पेटी ओकीबोकी दिसायला नको, म्हणून मुख्य बाईंनी तिची नक्कल करायला सांगितली. शिशाची केली तरी चालेल म्हणाल्या.

मैफलीला बोलावून गवयाला नुसतं गुणगुणायला सांगावं, तसं हुबेहूबरावांना झालं. हुज्जत घालून त्यांनी अस्सल चांदीच मंजूर करून घेतली. साचा काढला, चांदी ओतली, कानशीने इवलं इवलं घासत वजन जुळवलं. मग बारीक कुंचल्याने एकेक खड्डा काळा केला. शेवटी दोघी शेजारी शेजारी फडक्यावर ठेवल्या, उजवीकडे खरी, डावीकडे आपली. डोळे भरून पाहिल्या आणि हात धुवायला गेले.

परत येतात तो टेबलावर डबा मांडलेला आणि शेजारी बायको. सकाळी ते डबा घरी विसरले होते, तो द्यायला ती आली होती.

“इथे दोन लगडी होत्या.”

“ते काळे ठोकळे होय? खिडकीत ठेवलेत. जेवायच्या जागी कशाला हवी ती घाण?”

“उजवीकडची कुठली?”

“कुणाच्या उजवीकडची? तुमच्या की माझ्या?”

हुबेहूबराव खिडकीपाशी गेले. दोघी लगडी एकमेकींना चिकटून, शाळा चुकवलेल्या मैत्रिणींसारख्या बसल्या होत्या. त्यांनी एक उचलली. ही खरी, यात शंकाच नाही. मग दुसरी उचलली. तिच्याबद्दलही तितकीच शंका नव्हती.

बायको निघून गेली तसं त्यांनी दार लावून घेतलं. तराजूत घातल्या, काटा मध्येच उभा. वाजवून पाहिल्या, दोघींचा आवाज एकच. लोहचुंबक लावला, दोघींनीही त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आणखी चाचण्या त्यांना पाठ होत्या, पण त्या सगळ्या चांदी आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या, आणि चांदी तर त्यांनी भांडून मिळवली होती. भिंग लावून एकेक खड्डा तपासला. एकीच्या शिक्क्याची कड जरा बोथट दिसली. सापडली, असं वाटून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच आतून कुणीतरी खेकसलं की एवढी बोथट कड माझ्या हातून होईलच कशी? फरक सापडला तर कला गेली, नाही सापडला तर नोकरी. माणूस स्वतःच्याच साच्यात अडकला होता.

कारण दुसऱ्याच दिवशी मोठ्या संग्रहालयाची तज्ज्ञ लगड न्यायला येणार होती. चुकून नक्कल तिच्या हाती दिली, तर लबाड म्हणून संग्रहालयाची शोभा, बाईंची मान खाली, आणि तोंडाशी आलेल्या पेन्शनसकट हुबेहूबराव रस्त्यावर.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बाईंना खरं काय ते सांगून टाका, असं तिचं मत पडलं.

“काय सांगू? मला ओळखता येत नाही म्हणून?”

“जन्मभर तेच तर सांगत आलात.”

हुबेहूबरावांनी दिवा मालवला. पण सकाळी दाढी करताना युक्ती सुचली. आपण निवडायचंच कशाला? त्यांनी बाईंना सुचवलं की दोन्ही लगडी एकाच तबकात पाहुणीपुढे ठेवू, तेवढीच आपल्या संग्रहालयाची कारागिरी दिसेल. बाईंना कल्पना फारच आवडली.

पाहुणी आली. हुबेहूबरावांच्या लेकीच्या वयाची, हातात चहाचा कप. तबक पुढे आलं. तिने एकवार पाहिलं, डावीकडची लगड अलगद उचलून आपल्या मखमली डबीत ठेवली आणि बिस्किटाकडे वळली.

सुटले! एवढं सगळं कुणाला कळलंही नव्हतं. हुबेहूबरावांनी आता फक्त गप्प बसायचं होतं. पृथ्वीवरच्या कुठल्याही शहाण्या माणसाला ते जमलं असतं.

“भिंग नको का?” त्यांनी विचारलं.

“कशाला काका? उरलेली नक्कल आहे ते दिसतंच आहे. सगळे खड्डे एकसारखे काळे, एकही सुटलेला नाही. टवक्याची कडसुद्धा गुळगुळीत. समुद्र इतका मन लावून काम करत नाही हो. पण शाळेच्या मुलांना दाखवायला छान आहे.”

शाळेच्या मुलांना! हुबेहूबरावांच्या कानशिलाशी काहीतरी तडतडलं.

“एका नजरेत दिसतं म्हणता? अहो, काल दोन्हींची अदलाबदल झाल्यापासून मी भिंग लावून बसलोय. घडवणाऱ्या माणसाला, मला स्वतःला, कुठली कुठली ते कळलं नाही, आणि तुम्ही चहा पिता पिता...”

वाक्य पुरं करायची गरज उरली नव्हती. मुख्य बाईंनी आपला कप फार हळू खाली ठेवला.

संध्याकाळी ते घरी आले ते तोंड पाडूनच. नोकरी गेली का, असं बायकोने घाबरून विचारलं. नव्हती गेली. बाई तासभर बोलल्या होत्या आणि काचेच्या पेट्यांच्या किल्ल्या तेवढ्या काढून घेतल्या होत्या.

“मग देवच पावला की! सुतकी चेहरा कशाला?”

“एका नजरेत ओळखली गं तिने.”

बायकोने ताट वाढलं. त्यांनी हात लावला नाही. तिला राहवेना.

“ती पोर काहीही म्हणो. मी जवळून पाहिल्यात. अगदी सारख्या होत्या.”

हुबेहूबरावांनी मान वर केली. “अगदी?”

“अगदी. दोन्ही भंगारात घालायच्या लायकीच्या.”

त्यांनी त्यातला पहिला शब्द तेवढा घेतला, ताट पुढे ओढलं, आणि त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला.