कागदावर नसलेला जिना

काळेवाडीच्या घरावर एक खोली चढवायची, याला घरातल्या कुणाचीच हरकत नव्हती. त्यामुळेच अंजलीला भीती वाटली. या घरात चार माणसांचं एकमत यापूर्वी कधी झालेलं नव्हतं.

गरज तिची होती. खाली एक हॉल, सासू-सासऱ्यांची खोली आणि स्वयंपाकघर. अंजली, शेखर आणि सव्वा वर्षाची स्वरूपा हॉलमध्ये. हॉलमध्येच टीव्ही, सोफा आणि सोफ्यावर सासऱ्यांचे, म्हणजे सोपानरावांचे, दोस्त. सोपानरावांना गावात मान होता आणि मानाच्या माणसाकडे लोक दुपारी दोनला येतात. स्वरूपा झोपायचीही दोनलाच. वीस मिनिटांत कुणीतरी "काय पाटील!" म्हणून सोफ्यावर बसकण मारायचं आणि पोरगी किंचाळत उठायची. अंजलीला फक्त लावून घेता येईल असं एक दार हवं होतं.

शेखर चाकणच्या एका कंपनीत प्लॅनिंगला होता. त्याने घराचं कामही लाइनवरच्या कामासारखं हाती घेतलं. खोलीचं ड्रॉइंग स्वतः कॉम्प्युटरवर काढलं, मिलिमीटरमध्ये. हॉलच्या भिंतीवर चार्ट लावला; काम झालं की त्याची ओळ हिरवी करायची. रोज सकाळी आठ वाजता ज्योतीराम मिस्त्रीबरोबर उभ्या-उभ्या मीटिंग. ज्योतीराम लातूरकडचा, वीस वर्षं घरं बांधणारा. मीटिंगभर तो तंबाखू मळायचा.

तिसऱ्या आठवड्यात ज्योतीरामने भिंतीत स्वतःच्या मनाने एक कोनाडा काढला.

"हे काय?" शेखरने विचारलं.

"कोनाडा. ताईला औषधाच्या बाटल्या ठेवायला. लेकराचा हात पुरायचा न्हाई."

अंजलीला कोनाडा आवडला होता. पण कंपनीत चुकीचं मूळ शोधायला पाच वेळा 'का' विचारायची पद्धत होती.

"कोनाडा का काढला?"

"जागा व्हती."

"जागा का होती?"

"भिंत नऊ इंची हाय."

"नऊ इंची का आहे?"

"तुमच्या कागदावर हाय की!"

शेखर थांबला. अजून दोन 'का' शिल्लक होते, पण ते कुणाला विचारायचे हे त्याला कळेना. "आजपासून ड्रॉइंगमध्ये असेल तेवढंच," तो म्हणाला. "एक सूतसुद्धा जास्त नाही."

"बरं," ज्योतीराम म्हणाला. आणि त्याने शब्द पाळला.

अंजलीची यादी वेगळी होती. प्लगची भोकं वर हवीत. ग्रिलच्या सळ्यांत पोरीचं डोकं जाता कामा नये. आणि जिन्याला गेट. गेटबद्दल तिने चारदा सांगितलं, तेव्हा शेखरने चार्टवर 'जिन्याचं गेट' अशी ओळ घातली. गेट ऑनलाइन मागवलं, ते आलं, आणि खोक्यात भिंतीला टेकून उभं राहिलं. ओळ हिरवी झाली.

खोली उभी राहिली. गिलावा झाला, फरशी बसली, रंग लागला. गच्चीवर आजवर कुणी गेलं तर टाकी धुवायला, तेही शिडीने. कामाच्या तीन महिन्यांतही सगळे शिडीनेच चढत-उतरत होते. शेवटच्या दिवशी सोपानराव वर गेले, गार फरशीवर पंचा टाकून लवंडले. ज्योतीरामच्या माणसांनी परांची सोडली, शिडी टेम्पोत घातली आणि ती पुनावळ्याच्या पुढच्या कामावर निघून गेली.

तासाभराने वरून हाक आली. "शेखर! आरं, शिडी कुठाय?"

"काम संपलं ना, अण्णा. शिडी गेली."

"मंग म्या खाली कसा येऊ?"

"जिन्याने या की!" शेखर म्हणाला. आणि बोट दाखवायला जिना शोधू लागला.

नव्या खोलीत दूध उतू घालायचं म्हणून सासूबाई, म्हणजे कौशल्याबाई, पातेलं घेऊन अंगणात आल्या होत्या. त्यांनी घराला एक फेरी मारली. "व्हय रं, जिना मागल्या अंगाला बी न्हाई," त्या म्हणाल्या.

शेवटी शेजारच्या चिमाजींची शिडी आणावी लागली. चिमाजी सोपानरावांचे चुलतभाऊ. त्यांनी शिडी स्वतः धरली, कारण असा योग सोडवेना. "उतर, उतर. इंजिनेराचं घर हाय, जपून उतर."

शेखरने ज्योतीरामला फोन लावला. "तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलतं की, साहेब. पर कागदावर नव्हता. तुम्हीच म्हणलाव, एक सूत जास्त नको."

"हे बघ," शेखर अंजलीला समजावू लागला, "मी खोलीचं ड्रॉइंग काढलं. कंपनीत प्रत्येक पार्टचं ड्रॉइंग वेगळं असतं. जिना हा वेगळा पार्ट."

"आणि त्याचं ड्रॉइंग कोण काढणार होतं?"

शेखरने चार्टकडे पाहिलं. चार्ट पूर्ण हिरवा होता.

जिना बाहेरून घालावा तर चिमाजींच्या बाजूला अडीच फूट बोळ. "तुझी पायरी माझ्या दारात उतरंल. न्हाई जमायचं," चिमाजींनी सांगून टाकलं. समोर ड्रेनेजचं झाकण. राहिला हॉल. ज्योतीराम पुनावळ्याहून तीन आठवड्यांनी आला आणि त्याने हॉलच्या डोक्यावरचा स्लॅब फोडायला घेतला.

अंजली म्हणाली, पायरी बुटकी हवी, उंच पायरीवरून पोर पडेल. बुटक्या पायऱ्या वीस झाल्या. कौशल्याबाई म्हणाल्या, पायऱ्यांचा आकडा विषम हवा. एकवीस झाल्या. त्या एकवीस पायऱ्या वळण घेत, ऐसपैस हॉलमध्ये उतरल्या आणि जिथे थांबल्या तिथे सोफा होता. टीव्हीच्या भिंतीवरून तर कठडाच गेला.

सोफा दोर बांधून वर चढवावा लागला. टीव्हीही गेला. सोपानराव टीव्हीपाठोपाठ गेले. अंजलीच्या खोलीत आता बैठक भरू लागली.

"तात्पुरतं आहे गं," शेखर म्हणाला.  अंजलीने स्वरूपाची लाकडी कॉट हॉलमध्ये, जिन्याखालच्या तिरप्या जागेत सरकवली आणि पायरीशी एकदाचं ते गेट बसवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला दोस्त आले. निम्म्यांनी पायऱ्या मोजल्या आणि "फोनवरच बोलू" म्हणून गेले. निम्म्यांना अंजलीने गेट उघडून दिलं, ते धापा टाकत चढले आणि तिने मागे गेट लावून घेतलं. खाली फक्त फ्रीजची घरघर राहिली. स्वरूपा अडीच तास झोपली. ती श्वास घेतेय ना हे अंजलीने तीनदा जाऊन पाहिलं.

चौथ्या दिवशीही तेच. वरून "चहा!" अशी हाक आली, तेव्हा कौशल्याबाई जागच्या हलल्या नाहीत. "ज्याला पायजे त्यानं खाली येऊन घ्यावा," त्या भाजी निवडत म्हणाल्या. कुणी येऊ शकलं नाही. गेटची कडी लहान मुलांना उघडता येऊ नये अशी होती. ती दोस्तांनाही उघडेना.

महिन्याभराने शेखर चाकणहून लवकर आला. हातात नवं ड्रॉइंग होतं. समोरून लोखंडी जिना, ड्रेनेजचं झाकण मोकळं सोडून. आतला जिना तोडायचा, हॉल होता तसा, सोफा खाली, वरची खोली अंजलीची.

"या वेळी काही राहिलं नाही बघ. पायऱ्यासुद्धा एकवीसच आहेत."

अंजलीने कागद निरखून पाहिला. हॉलमध्ये सोफ्याचा चौकोन अगदी मापात काढलेला होता. ड्रॉइंगमध्ये माणसं दाखवायची पद्धत नसते, पण तिला त्यावर चार-पाच जण बसलेले दिसले. तिने सासूकडे पाहिलं.

"दाव इकडं," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी कागद उलटसुलट बघितला, मग त्याची घडी घातली, घडीची आणखी घडी घातली, आणि खाली वाकून ती झोपलेल्या स्वरूपाच्या कॉटच्या एका पायाखाली सरकवली. कॉट हलवून पाहिली.

"लई दिस झाले, डुगडुगत व्हती," त्या कुजबुजल्या. "जाड कागद आनलास, बेस केलंस."